१ ऑगस्ट : योगायोग किती आणि संबंध किती?

दिनदर्शिक

सकाळपासून फोनवर दिनविशेषाच्या याद्या येऊन पडताहेत. अमक्या साली तमक्याचा जन्म, मधेच एखादं ऑलिंपिक, तळाशी एखाद्या नटीचा वाढदिवस. एका ओळीला दुसरीचा पत्ता नाही. बाकीच्या तारखांना हे चालून जातं. १ ऑगस्टला मात्र माझी चिडचिड होते, कारण आपल्याकडे या तारखेत खरोखरच काहीतरी गुंतलेलं आहे.

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही विचारा. स्टाफरूममधलं टेबल बाहेर येतं, त्यावर दोन तसबिरी, दोन हार. लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती. मग 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग', शेंगा आणि टरफलं, आणि शेवटी उरलेल्या वेळात अण्णाभाऊंची दीड दिवसाची शाळा. पण या दोन गोष्टींची नुसती तारीखच नव्हे तर सालही एकच आहे, हे पोरांना क्वचितच कुणी सांगतं. रविवार, १ ऑगस्ट १९२०.

त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर १२ वाजून ४० मिनिटांनी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले. वय ६४. गिरगाव चौपाटी ही काही नेहमीची स्मशानभूमी नव्हे, तरी गर्दी लक्षात घेऊन तिथे दहनाची परवानगी मिळाली. खांदा देणाऱ्यांत गांधी होते, शौकत अली होते. त्याच तारखेला गांधींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केलं, सोबत बोअर आणि झुलू युद्धांतल्या सेवेची पदकंही. असहकार सुरू झाला. आणि त्याच तारखेला, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात वाटेगावला तुकाराम भाऊराव साठे जन्मला.

यातला योगायोग कुठला? असहकाराची १ ऑगस्ट ही तारीख खिलाफत समितीनं आधीच जाहीर केलेली होती. म्हणजे टिळकांचं जाणं नेमकं त्या दिवशी येणं हा योगायोग. अण्णाभाऊंचा जन्म हाही योगायोग. पण त्यानंतर या तारखेचं जे झालं ते मात्र लोकांनी जाणूनबुजून केलं.

तुम्हाला ठाऊक असलेले १ ऑगस्ट लिहा. नुसती यादी नको. ती गोष्ट त्याच दिवशी का घडली, कशाशी जोडली गेली, ते सांगा. निव्वळ योगायोग असेल तर तसं खुशाल म्हणा.

गिरणगावकर

जाणूनबुजूनचा पहिला पुरावा घ्या. पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९२१ ला, परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधींच्या हातून विदेशी कापडाची होळी पेटली. गिरणी उमर सोबानींची. त्याआधी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमवायचे ठरले होते, मुदत ३० जून १९२१. टिळक गांधींच्या मार्गाशी किती सहमत होते यावर आजही वाद होतो. पण गेल्यानंतर वर्षभरात त्यांचं नाव गांधींच्या चळवळीच्या पैशावरही लागलं आणि तारखेवरही.

अण्णाभाऊ १९३१ साली आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. गिरणीत काम, हमाली, पडेल ते. पुढे अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. ज्या परळ-लालबागेत ती होळी पेटली तिथेच यांचा डफ वाजला.

जाता जाता, भगवानदादांचा जन्मही १ ऑगस्टचा, १९१३. वडील गिरणी कामगार. आमच्या भागात आज तिसरा फोटो त्यांचा लावायला हरकत नाही!

बोलकी_बाहुली

मीनाकुमारी पण आजचीच. जन्म मुंबईत. साल कुठे १९३२ तर कुठे १९३३ देतात, तारखेवर मात्र एकमत. यात कसलाही संबंध नाही, निव्वळ योगायोग. मास्तर रागावू नका.

उदयतिथी

मूळ धाग्यातच एक गंमत दडली आहे, ती कुणी उकलली नाही. टिळक गेले रात्री पाऊणच्या सुमारास. आपल्या परंपरेत वार बदलतो सूर्योदयाला, मध्यरात्रीला नाही. त्या हिशोबानं टिळक गेले तेव्हा शनिवारच चालू होता, रविवार उजाडायला अजून पाच-साडेपाच तास होते. पंचांगानं चालायचं तर टिळकांचा दिवस ३१ जुलैशी जातो आणि दोन फोटोंचं टेबलच मोडतं. लंडनच्या घड्याळात तर ३१ जुलैची संध्याकाळ होती.

म्हणजे ज्या योगायोगावर धागा उभा आहे, तो मध्यरात्री तारीख बदलायच्या इंग्रजी पद्धतीवर उभा आहे.

ठाणे_लोकल

वा! मग यात आणखी एक घड्याळ घालतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई महापालिकेनं आपली 'मुंबई वेळ' सोडली नाही, १९५५ पर्यंत. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १२:४० ही मुंबई वेळ धरली तर प्रमाणवेळेनं झाले १:१९. आणि १२:४० ही प्रमाणवेळ धरली तर मुंबई वेळेनं किती वाजतात? १२ वाजून १ मिनिट! कुठलंही घड्याळ धरा, तारीख १ ऑगस्टच राहते, पण दुसऱ्या हिशोबात अवघ्या एका मिनिटानं.

दिनदर्शिक

उदयतिथी, ठाणे_लोकल, दोघांनाही दंडवत. धाग्याचं सार्थक झालं.

आणि हा वाद कोणाच्या बाबतीत चाललाय पाहा. पंचांगाचं गणित आणि आकाशात दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नाही म्हणून टिळकांनी पंचांग सुधारायचा आग्रह धरला. १९०४ साली मुंबईत ज्योतिष परिषद भरली होती, त्या सगळ्या खटपटीत ते पुढे होते. टिळक पंचांग आजही निघतं. कोकणात ते मानणारी घरं आहेत. एखाद्या वर्षी त्यातला अधिक महिना वेगळा पडतो आणि त्या घरांतले गणपती बाकीच्यांच्या महिनाभर आधी बसतात. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची रजेची पंचाईत होते ती वेगळी. तारीख ही माणसांनी ठरवायची गोष्ट आहे, हे टिळकांइतकं कोणाला ठाऊक असणार?

खवचट_खानोलकर

आता शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर दोनशे प्रतिसाद येऊ द्यात.

दिनदर्शिक

नाही येऊ देणार. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते सगळे कुलूपबंद आहेत.

डफ_तुणतुणं

घड्याळाची गंमत छान आहे. पण ते टेबल मोडायला सूर्योदय कशाला पाहिजे? ते मुळातच डुगडुगतं आहे.

आमच्या वस्तीत १ ऑगस्ट म्हणजे जयंती. हलगी, मिरवणूक, रात्री पोवाडे. तिथे टिळकांचा फोटो नसतो. आणि सदाशिव पेठेत पुण्यतिथीला अण्णाभाऊंचा नसतो. दोघं एकत्र येतात ते फक्त शाळेत आणि सरकारी कचेरीत, कारण तिथे परिपत्रक असतं.

१९२० सालचीच आणखी एक नोंद घ्या. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' सुरू झालं. त्याची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊनही छापली नाही, हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा टिळक हयात होते. त्याआधी १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद झाली. तिथे टिळक म्हणाले की देव अस्पृश्यता मानू लागला तर मी त्याला देव मानणार नाही. टाळ्या पडल्या. पण विठ्ठल रामजी शिंद्यांनी व्यक्तिशः अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मागितली, तेव्हा टिळकांची सही काही मिळाली नाही.

त्याच १९२० मध्ये मांग समाजात जन्मलेला पोरगा पुढे 'फकिरा' लिहितो आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण करतो. ज्या लेखणीची जाहिरात घ्यायला नकार मिळाला होता तीच ही लेखणी. मला विचाराल तर १९२० मधला खरा संबंध १ ऑगस्टचा नाहीच. ३१ जानेवारी आणि १ ऑगस्टचा आहे.

कोथरूडकर

डफ_तुणतुणं, तुमचं म्हणणं तथ्यांना धरून आहे, पण टिळकांना मापायला हा एकच गज नको. मंडालेत सहा वर्षं काढून आलेल्या माणसानं कामगार चळवळीकडेही पाहिलं होतं. १९०८ साली त्यांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस असा हिशोब करून. ते कामगार कोण होते? कोकणातले आणि घाटावरचेच ना? अण्णाभाऊंच्या आधीची पिढी ती.

डफ_तुणतुणं

कोथरूडकर, तो संप मी नाकारत नाही. लेनिननंसुद्धा त्याची दखल घेतली होती, आणि अण्णाभाऊ कम्युनिस्ट, म्हणजे तिथून धागा लागतोच म्हणा. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. माझं म्हणणं एवढंच की शाळेतल्या भाषणात टिळकांना चळवळ मिळते आणि अण्णाभाऊंना फक्त गरिबी. दीड दिवसाची शाळा हा काही त्यांचा पराक्रम नव्हे. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला ते जे बोलले ते मुलांना सांगा. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नाही तर दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हे त्यातलं वाक्य चौथीच्या पोरालासुद्धा कळेल.

गुरुजी_निवृत्त

दोघांचंही बरोबर. मी कितीतरी वर्षं ते टेबल मांडलंय. टिळकांवर बोलायला दहा हात वर यायचे, कारण भाषण घरातल्या थोरल्या भावंडाकडून पाठ झालेलं असायचं. अण्णाभाऊंवर बोलणारा मुलगा शिक्षकालाच तयार करावा लागायचा. २०२० साली स्मृतिशताब्दी आणि जन्मशताब्दी एकाच दिवशी आली आणि नेमकी टाळेबंदीत. त्याच दिवशी बकरी ईदही होती. सगळं घरातल्या घरात, मोबाइलच्या पडद्यावर. शंभर वर्षांतून एकदा येणारा दिवस, तो तसा गेला.

सातबारा

कचेरीतल्या फोटोंचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. १ ऑगस्ट हा महसूल दिन. याचा टिळकांशी संबंध नाही, अण्णाभाऊंशी नाही. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं चालतं. तुमचं आर्थिक वर्ष एप्रिलचं, शाळेचं जूनचं, आमचं ऑगस्टचं. ३१ जुलैला तलाठ्याच्या दप्तराचा जुना हिशोब मिटतो आणि दुसऱ्या दिवसापासून गाव नमुन्यांना, म्हणजे गावाच्या जमीन-महसुलाच्या नोंदवह्यांना, नवं साल लागतं. शेतीच्या चक्राशी बांधलेलं वर्ष आहे हे, ऑगस्ट लागेपर्यंत खरिपाचा पेरा बहुतेक झालेला असतो.

त्यामुळे तहसील कचेरीत या दिवशी तीन कार्यक्रम: पुण्यतिथी, जयंती, आणि उत्कृष्ट तलाठी-कोतवालांचा सत्कार. हार दोन, नारळ एक.

काचकुपी

रसायनशास्त्राच्या वतीनं. १ ऑगस्ट १७७४, जोसेफ प्रिस्टलीनं इंग्लंडातल्या बोवुड हाउसमध्ये भिंगानं ऊन एकवटून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडलं आणि निघालेला वायू गोळा केला. त्यात मेणबत्ती भलतीच प्रखर जळाली. ऑक्सिजनचा शोध म्हणून हीच तारीख सगळ्या याद्यांत असते. पण स्वीडनच्या शेले यानं तो वायू याआधीच मिळवला होता, त्याचं पुस्तक मात्र १७७७ मध्ये आलं. आणि आपल्या हाती काय लागलंय ते प्रिस्टलीला शेवटपर्यंत पटलं नाही, तो फ्लॉजिस्टनच्या, म्हणजे जळताना पदार्थातून एक तत्त्व बाहेर पडतं या जुन्या सिद्धान्ताला धरून बसला. अर्थ लावला लाव्हाझिएनं, नावही त्यानंच दिलं. मग शोधाची तारीख कुठली? वही नीट ठेवली त्याची तारीख जगानं धरली, एवढंच.

मॉरिशसकर_शिंदे_नव्हे

याद्यांत '१८३४: ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली' असं एक वाक्य येतं. त्या वाक्यात बरंच काही लपलंय.

१ ऑगस्ट १८३४ ला कायदा लागू झाला, पण 'उमेदवारी' (ॲप्रेंटिसशिप) या नावाखाली बहुतेक प्रौढ गुलामांना त्याच मालकाकडे बांधून ठेवलं. पुरी सुटका झाली ती १ ऑगस्ट १८३८ ला. भरपाई दोन कोटी पौंडांची, आणि ती मालकांना. राबणाऱ्यांना छदामही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर कायद्यातून वगळलेलाच होता, भारतासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये आला.

मॉरिशसला हाच कायदा सहा महिने उशिरा लागू झाला, म्हणून आमची सुट्टी १ ऑगस्टला नसून १ फेब्रुवारीला. पण मळेवाल्यांना धीर कुठला? २ नोव्हेंबर १८३४ लाच 'ॲटलस' जहाज ३६ भारतीय मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. ते कलकत्त्याहून आले. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं सुटू लागली आणि त्यातून आमचे पूर्वज आले, बरेचसे रत्नागिरीकडचे. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते ती त्यांच्यामुळे. तेव्हा १ ऑगस्टशी आमचं नातं आहे, जरा वळसा घेऊन. हे मात्र योगायोगात टाकू नका.

क्रिकेटवेडी

शिंदे_नव्हे यांचा धागा पुढे नेते. कॅरिबियन बेटांत १ ऑगस्ट हा मुक्तिदिन. त्रिनिदादनं १९८५ मध्ये त्याची राष्ट्रीय सुट्टी केली. आणि १ ऑगस्ट १९२४ ला बार्बाडोसमध्ये फ्रँक वॉरेल जन्मला. वेस्ट इंडीजचा संघ तोवर बहुतांशी कृष्णवर्णीयांचा असूनही कप्तान गोराच लागे. पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कप्तान वॉरेल, १९६०-६१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. मुक्तिदिनाला जन्मणं योगायोग, पण मुक्तीनंतर सव्वाशे वर्षं कप्तानपद न मिळणं हा नव्हे.

आपला संबंध: मार्च १९६२, ब्रिजटाउन. चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, रक्त हवं होतं. प्रतिस्पर्धी संघाचा कप्तान वॉरेल रक्त द्यायला पुढे आला. कॉन्ट्रॅक्टर वाचले. वॉरेल १९६७ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेला, वयाच्या ४२ व्या वर्षी. कोलकात्यात त्याच्या नावानं रक्तदान शिबिर भरवतात. मुंबईत का नाही, कॉन्ट्रॅक्टर तर मुंबईतच राहणारे, हा माझा जुना प्रश्न.

गणितबाज

जरा थंड पाणी ओततो. वर्षाचे दिवस ३६५, ऐतिहासिक घटना आणि प्रसिद्ध माणसं हजारो. कुठलीही तारीख उचला, इतकाच भरगच्च धागा होईल. चाळीस मुलांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ८९ टक्के असते.

अर्थात महाराष्ट्रात ती त्याहून जास्तच निघेल, कारण एका पिढीत निम्मा वर्ग १ जूनचा! ती तारीख आईनं नाही, दाखला लिहिणाऱ्या मास्तरांनी दिलेली.

गुरुजी_निवृत्त

नाव नोंदवायला आजोबा यायचे. 'कधीचा जन्म?' विचारलं की 'मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली, नागपंचमीच्या आसपास'. वय बसवायचं, १ जून लिहायचं, पुढचा. दुसरं काय करणार?

पंचगंगा

गणितबाज, पटलं. तरीही माझा एक जोडा घ्या. मंगळवार, १ ऑगस्ट १९४४. ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकनं डायरीतली शेवटची नोंद लिहिली, तीन दिवसांनी पकडली गेली. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला. ६३ दिवस लढले, शेवटी शरण यावं लागलं, आणि शहर पद्धतशीर जमीनदोस्त केलं गेलं. आजही तिथे १ ऑगस्टला पाच वाजता भोंगे वाजतात आणि रस्त्यातली माणसं असतील तिथे उभी राहतात.

हे कोल्हापूरच्या माणसानं का सांगावं? कारण त्या दिवशी आमच्या वळिवड्यात हजारो पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून रशियनांनी त्यांना पूर्व पोलंडातून सैबेरियात हाकललं, तिथून ती इराणमार्गे इकडे आली. १९४३ ते १९४८ अशी छावणी होती, शाळा होती, चर्च होतं. वॉर्सा जळत असताना त्यांचा गाव, त्यांची माणसं तिकडे, आणि ही इकडे पंचगंगेकाठी बातमीची वाट बघत.

बोलकी_बाहुली

हे मला अजिबात ठाऊक नव्हतं! आता तिथे बघण्यासारखं काही आहे का?

पंचगंगा

छावणीची घरं राहिली नाहीत. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, तेच आताचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजाराचं. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं.

खवचट_खानोलकर

एकंदरीत दिनदर्शिकांचा धागा यशस्वी. पुढच्या वर्षी २३ जुलैचा काढा. टिळकांचा जन्म १८५६, बरोबर पन्नास वर्षांनी १९०६ मध्ये चंद्रशेखर आझादांचा.

ठाणे_लोकल

आणि २३ जुलै १९२७ ला मुंबई आकाशवाणी केंद्राचं, म्हणजे तेव्हाच्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं उद्घाटन. व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते. वेळ कुठली पाळत होते ते शोधून ठेवतो.